कानाडोळ्याचा रियाज

संगीत शिकणारं मूल घरात असलं की पूर्वी ते शेजाऱ्यांना कळायचं. पहाटे सा लावायला सुरुवात व्हायची आणि तो लागेपर्यंत अर्ध्या वाड्याला जाग आलेली असायची. आता शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. निम्मा रियाज कानाचा असतो आणि तो हेडफोनात होतो. बाहेरून दिसतं ते एवढंच: मूल सोफ्यावर आडवं, डोळे मिटलेले, भुवया आखडलेल्या, आणि मधूनच एक बोट मोबाइलच्या काचेवर आपटतं. ओठ पुटपुटतात, "कोमल ध... नाही नाही, शुद्ध." आजीला वाटतं पोर जपाला लागलं. आईला वाटतं गेम खेळतंय. दोघींचंही थोडंथोडं बरोबर असतं.

या प्रकाराला इअर ट्रेनिंग म्हणतात. अ‍ॅप एक सूर वाजवतं, तो कोणता ते आपण सांगायचं. पहिल्या लेव्हलला फक्त सा आणि प. मग ग येतो, मागोमाग मध्यम, मग कोमल मंडळी, आणि शेवटी बाराच्या बारा सूर ओळखपरेडला उभे राहतात. बरोबर आलं की पट्टी हिरवी, चुकलं की लाल. ओळीने दहा बरोबर आले की पडद्यावर रंगीत कपटे उडतात. आपल्याकडे सा ओळखला म्हणून कुणी कुणाला कधी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे पहिले काही दिवस मुलं हुरळून जातात. शिवाय रोजची हजेरी मोजली जाते. एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटते, आणि त्याची रुखरुख संकष्टीला चुकून चिवडा खाल्ल्यासारखी दिवसभर राहते.

अ‍ॅपचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. रात्री अकरा वाजता तोच तो निषाद ते न कंटाळता वाजवत राहतं. सुस्कारा टाकत नाही. "घरी काही केलं होतंस का?" असं विचारत नाही. बँकेतून निवृत्त होऊन साठीत गाणं शिकायला लागलेल्या गृहस्थांना आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसून सूर चुकवण्याची लाज वाटते. अ‍ॅपपुढे ते मनसोक्त चुकतात. माझी भाची डोंबिवलीत असते, गाण्याच्या परीक्षा देते, आणि परीक्षेत स्वरसमूहावरून राग ओळखायचे असतात. तिने एका महिन्यात तीन अ‍ॅप उतरवून घेतली. तिचं म्हणणं, "मामा, एकावर विश्वास ठेवला की दुसरं वेगळंच सांगतं. तीन असली की मतदान घेता येतं."

दोन सुरांमधलं अंतर ध्यानात राहावं म्हणून ही साधनं ओळखीच्या चाली सुचवतात. ती बहुतेक तिकडची असल्याने ओळखीही तिकडच्या. सा ते प हवा? 'ट्विंकल ट्विंकल' आठवा, नाहीतर 1977च्या 'स्टार वॉर्स'ची सुरुवात. सा ते तीव्र मध्यम? 'वेस्ट साइड स्टोरी'मधलं 'मारिया'. आणि सा ते कोमल रिषभ म्हणजे 1975च्या 'जॉज'मधला शार्क. तो पाण्याखालून येताना वाजतात ते हेच दोन सूर. परिणाम असा की सकाळी रेडिओवर भैरव लागला की आजी हात जोडते आणि नात पाय वर घेते.

हा उद्योग नवा आहे असं मात्र समजू नये. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेझ्झो नावाच्या साधूने एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांची पहिली अक्षरं उचलून उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी सहा सुरांची नावं बसवली. त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय की या पद्धतीने काही मुलं तिसरा दिवस उजाडण्याआधी अनोळखी स्तोत्र सहज गायला लागली. एरवी त्याला कित्येक आठवडे लागले असते. हजार वर्षांत जाहिरातीचा मजकूर फारसा बदललेला नाही. फक्त ग्विदो पहिला आठवडा मोफत देत नव्हता.

ती अक्षरं पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. चर्चच्या शाळेतला मेस्त्री पोरांकडून आधी सोल्फेज, म्हणजे हीच अक्षरं, घोटून घ्यायचा, व्हायोलिन नंतर. ती पोरं मोठी होऊन मुंबईच्या सिनेमासंगीतात आली. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा आणि सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं ती कागदावर उतरवून, सजवून, अख्ख्या ऑर्केस्ट्रापुढे ठेवायची. तिथे लाल-हिरवी पट्टी नव्हती. कागदावर एक सूर चुकला तर खोलीभर व्हायोलिनं एकजुटीने चुकायची, आणि स्टुडिओचं भाडं चालू असायचं. कान तयार व्हायला याहून पोषक वातावरण शोधून सापडणार नाही.

आपल्या रागसंगीतात तर कान हा वेगळा विषयच नव्हता. गुरूने गायचं, शिष्याने मागून गायचं. 'ओळख' असं कुणी म्हणत नसे. 'म्हण' असं म्हणत. आलं तर पुढे, नाही आलं तर पुन्हा. सुराचं नाव नंतर कळायचं, काहींना फार नंतर. कान आणि गळा एकाच दावणीला बांधलेले असायचे, एक पुढे पळाला तर दुसऱ्याला हिसका बसायचा. अ‍ॅपने ही दावण सोडली. पुढची सगळी गंमत त्यातून झाली.

पहिली गंमत गांधाराची. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर पियानोवर शुद्ध गांधार मोजून 400वर बसवलेला असतो. तानपुऱ्यावर गांधाराची तार नसते, तरी खर्जातून तो आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू म्हणतात, आणि तो येतो 386वर. फरक चौदा सेंटांचा. कुणी म्हणेल, चौदाने काय होतंय? गाणाऱ्यांच्या जगात याहून कमी अंतरावरून माणसं बोलेनाशी झाली आहेत. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला स्टुडिओबाहेर काढलं, तेव्हा तिला मींड घेता येत नाही ही जशी तक्रार होती, तशीच तिच्या या आखीव सुरांचीही होती. ती बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडलं. आता पेटीही फोनमध्ये आहे आणि तानपुराही. भाचीचं एक अ‍ॅप पियानोच्या आवाजात 400चा गांधार शिकवतं, दुसरं तानपुऱ्यातून 386चा ऐकवतं, तिसरं तिने गायलेल्या गांधाराला गुण देतं. पहिल्याने कपटे उडवलेला गांधार तिसरं लाल करतं. मतदानात गांधार त्रिशंकू राहतो.

दुसरी गंमत दरबारीची. दरबारीचा गांधार नेहमीच्या कोमलापेक्षाही खाली, आणि तो एका जागी बसत नाही; झुलतो. भाचीने तो क्लासमध्ये बाईंकडून घेतला तसा घरी गायला. अ‍ॅपवर नागमोडी रेघ उमटली, लाल. खाली सूचना आली की सूर स्थिर ठेवा. आज्ञाधारक मुलगी आहे, तिने ठेवला. हिरवं झालं, कपटे उडाले. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तोच स्थिर गांधार ऐकून बाईंनी तानपुरा खाली ठेवला आणि विचारलं, "दरबारी होती ना काल? हिचा पुतळा कुणी केला?"

अ‍ॅपची ही खोड जाणून तिच्यावर काम करणारेही आहेत. पुण्याचे गायक आणि संगणकतज्ज्ञ संदीप रानडे यांच्या 'नादसाधना' या अ‍ॅपला 2021 साली अ‍ॅपल कंपनीचं डिझाइन पारितोषिक मिळालं. जगभरच्या गेमांच्या पंगतीत तानपुरा मांडी घालून बसला. पण बहुतेक सूर-ओळख अ‍ॅप अजून बारा घरांच्या चाळीतच राहतात. दोन घरांच्या मधल्या जिन्यात कुणी उभं असेल तर त्यांना ते दिसत नाही. रागदारीचा बराचसा संसार मात्र जिन्यातच चालतो.

तिसरी गंमत फोनच्या आत आहे. पेटीवरच्या काळी एकचा सा साधारण 138 हर्ट्झवर येतो, तिथला खर्ज 69वर. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला 69 झेपतच नाही. तो फक्त त्या सुराचे वरचे वरचे अंश पाठवतो आणि त्यावरून खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच जुळवतो. म्हणजे फोनवरच्या तानपुऱ्यात आपण जो खर्ज ऐकतो तो खोलीत नसतो, डोक्यात असतो. भाचीने हे आजीला समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "मग देव नाही असं कशाला म्हणत असतेस?"

खोलीत खरोखर असलेले सूर निराळेच. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्स्फॉर्मर आणि जुने फ्रीज दुप्पट म्हणजे 100 हर्ट्झला घुमतात. हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. आता माझे मेहुणे गातात काळी एकला, आणि काळी एकवाल्याला पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून गायले की त्यांचा प्रत्येक राग थोड्या वेळाने यमनकडे कलायचा. "काय करणार, मुळात पिंडच यमनचा," असं ते पाहुण्यांना सांगायचे. भाचीने एकदा अ‍ॅप लावून मोजलं आणि म्हणाली, "बाबा, तो फ्रीज आहे."

अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, गुंजन 120चं. हा आकडा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध येतो, म्हणजे तिथल्या भिंती कुठल्याच सुरात नाहीत. तिकडची मराठी मुलं इकडच्या गुरुजींकडे व्हिडिओ कॉलवर शिकतात ती अशा भिंतींमध्ये. त्यात कॉलच्या सॉफ्टवेअरची समजूत अशी की एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, तो गाळून टाकायचा. ते आधी तानपुरा गाळतं. मग गुरुजींनी लांबवलेला सा गाळतं. गुरुजी इथे डोळे मिटून दीर्घ षड्ज लावतात, न्यू जर्सीत त्याचं फक्त तोंड पोचतं. तिकडची आई हळहळते, "गुरुजींचा दम कमी झाला हो." सेटिंगमध्ये जाऊन 'आवाज आहे तसाच जाऊ दे' असं बजावलं की गुरुजी पुन्हा तरुण होतात.

अ‍ॅपचा खरा परिणाम मात्र घरच्यांवर होतो. कान एकदा सूर ओळखायला लागला की त्याला थांबता येत नाही. भाचीने घरातल्या वस्तूंची पट्टीवार नोंद केली. कुकरची शिट्टी काळी चार, पण तिसऱ्या शिट्टीला उतरते. दारावरची घंटा गांधार-षड्ज. शेजारच्यांच्या गाडीचं मागे येतानाचं पिपाणं कोमल निषाद. घरातली माणसंही सुटली नाहीत. "आई, तू रागावलीस की पंचमावर जातेस." आई तार षड्जावर गेली.

गणपतीत तर कहर. सोसायटीची आरती ही लोकशाहीची परमावधी. जितके भक्त तितके षड्ज. पहिल्या आरतीला असलेली पट्टी शेवटच्या आरतीपर्यंत चांगली दोन सुरांनी चढलेली असते, आणि झांजवाल्या काकांमुळे लयही. आजवर यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. गणपतीलाही नसावं, कारण तो दरवर्षी येतो. या वर्षी भाचीने कानात बोटं घातली, मग न राहवून फोनमधून मोठ्याने सा दिला. क्षणभर सगळे थांबले. कुणाचा तरी फोन वाजतोय असं वाटून प्रत्येकाने आपापला खिसा चाचपला. सेक्रेटरी म्हणाले, "बाळ, तो मोबाइल ठेव आणि टाळ्या वाजव."

कान असा भरधाव निघाला, पण गळा होता तिथेच होता. अ‍ॅपला उत्तर द्यायला बोट पुरतं. त्यामुळे भाचीला कोमल आणि अतिकोमल यातला फरक झोपेत कळायला लागला, पण स्वतः लावताना कोमलच हाताशी येईना, म्हणजे गळ्याशी. दुसऱ्यांचं सगळं ऐकू येतं आणि स्वतःला काही येत नाही, अशी ही अवस्था. ती आपल्याकडे अनोळखी नाही. तिला समीक्षक म्हणतात. पुण्यात असे कान पूर्वीपासून आपोआप तयार होत आले आहेत. सवाई गंधर्व महोत्सव 1953पासून चालू आहे, आणि मंडपात सतरंजीवर बसून, थर्मासमधला चहा ओतता ओतता, 'निषाद जरा दबला' असं शेजाऱ्याला सांगणारे किती झाले याची मोजदाद नाही. त्याला पूर्वी निदान तीस-चाळीस हिवाळे थंडीत काढावे लागत. अ‍ॅपमुळे हे काम एका उन्हाळी सुट्टीत होतं.

कान पुढे असण्यात वाईट काही नाही, त्याला काम हवं. मिरजेत तानपुरे करणारी सितारमेकर घराणी आहेत. त्यातले सगळेच काही मैफलीत गाणारे नव्हेत. पण घोडीवर कानशीच्या दोन फेऱ्या मारायच्या, तार छेडायची, तिच्याखाली सुताचा धागा किंचित सरकवायचा आणि तारेची गुंज, म्हणजेच जवारी, खुलली की नाही ते ठरवायचं, हा सगळा निवाडा कानाचाच. त्या कानाचं बोलणं हातातून बाहेर पडतं, तोंडातून नाही. अ‍ॅपमध्ये जवारीसाठी एक सरकपट्टी असते. ती कितीही सरकवली तरी कुणाला काही करावं लागत नाही, म्हणून मग माणसं बोलतात.

भाची अखेर बाईंपुढे रडकुंडीला आली. "अ‍ॅपवर मला शहाण्णव टक्के मिळतात आणि गायला बसलं की सगळंच चुकीचं ऐकू येतं." बाईंनी अ‍ॅपला नावं ठेवली नाहीत. एक नियम घालून दिला: सूर वाजला की आधी तो गायचा, मगच बटण दाबायचं. गाता आला नाही तर ओळखायचाही नाही. टक्के पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आले. बाई म्हणाल्या, "आता खरे वाटतात."

मी एकदा त्या क्लासमध्ये मागे बसून पाहिलं. एका वेळी बाराएक मुलं पलटे म्हणत होती. एकाचा रिषभ खाली, दुसरीचा धैवत वर, एक जण मुळात दुसऱ्याच सप्तकात. अ‍ॅप असतं तर पडदा लालभडक झाला असता. बाई चहा पीत होत्या. मग कप ठेवून एकाच मुलाला म्हणाल्या, "म तेवढा सांभाळ." बस. बाकी सगळ्यांचं सगळं जाऊ दिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, त्या दुसऱ्या मुलीचा धैवत?" त्या म्हणाल्या, "ऐकला. पुढच्या महिन्यात आपोआप खाली येईल. आज सांगितलं तर गायचीच बंद होईल." अ‍ॅपला प्रत्येक चूक ऐकू येते आणि प्रत्येक चूक ते लगेच सांगतं. बाईंनाही प्रत्येक चूक ऐकू येते. त्यातली आज कोणती ऐकायची, हे त्या ठरवतात. या कानाडोळ्याची लेव्हल कुठल्याही अ‍ॅपमध्ये सापडत नाही, पैसे भरूनही.

त्या लेव्हलची परीक्षा आमच्याच घरात झाली. पुतण्याच्या साखरपुड्याला मुलीच्या आत्यांनी माइक हातात घेतला. भावगीत, पाठीमागे स्पीकरवर तयार ट्रॅक. ट्रॅक पांढरी चारला. आत्या पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधल्या जिन्यात. व्याही मंडळी फुलांकडे बघायला लागली. भाचीने टेबलाखाली फोन धरला होता. पट्टी पहिल्या शब्दापासून लाल. मेहुणे पानाच्या ताटाकडे सरकले. पहिल्या रांगेत बाई होत्या, त्या मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता ऐकत होत्या. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, त्यात सुटकेचा भाग मोठा होता. बाई म्हणाल्या, "आवाज छान मोकळा आहे हो तुमचा. त्या ट्रॅकने उगीच गळचेपी केली. नुसत्याच म्हणा ना एक."

आत्यांनी ट्रॅक बंद करायला लावला आणि दुसरं गाणं सुरू केलं. भाचीने फोन पुन्हा धरला. पट्टी लालच. बाई तिच्याकडे न बघता पुटपुटल्या, "सा बदल. त्यांचा सा त्यांचा आहे." भाचीने अ‍ॅपमधला सा थोडा वर सरकवला आणि पट्टी हिरवी झाली, ती शेवटच्या ओळीपर्यंत. आत्या पहिल्यापासून सुरातच होत्या, फक्त ट्रॅकच्या सुरात नव्हत्या. मुलीकडचे खुलले, आमच्याकडचे चकित झाले, टाळ्या या वेळी खऱ्या पडल्या. त्या ऐकून आत्यांनी पदर खोचला आणि तिसरं गाणं सुरू केलं. ते मात्र कुणी मागितलं नव्हतं.